घाटमाथ्यावरचे खारे पाणी

महाबळेश्वरच्या पठारावर उभे राहिले असता अरबी समुद्र पश्चिमेस जेमतेम 64 किलोमीटरांवर असतो. परंतु त्याच पठारावर उगम पावलेली कृष्णा त्या समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेची वाट धरते, आणि वाई, माहुली, कराड, सांगली ही गावे मागे टाकीत सुमारे 1,400 किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. नदीच्या या एका वळणाने सातारा व सांगली या मुलखांचा समुद्राशी असलेला संबंध कायमचा ठरवून टाकला. समुद्र जवळ खरा, पण कड्याखाली. त्याचे पाणी कधी वर न येणारे, आणि त्याचा जो काही अंश वर येई तो कोरडा होऊन, वजनमापे लागून, जकातीच्या नाक्यावर नोंद होऊन येणारा. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडच्या पेठेत उतरणाऱ्या वंजाऱ्यांच्या बैलांवर मीठ असे, सुकट असे, जवळा व सुके बोंबील असत, नारळ असत. परतीच्या खेपेस तेच बैल गूळ, मिरची व धान्य घेऊन तळकोकणात उतरत. पुढे घाटात सडक झाली, पुण्याहून मिरजेपर्यंत लोहमार्ग आला, अखेरीस बर्फाच्या पेट्या वाहणाऱ्या मालमोटारी आल्या आणि ताजा पापलेट देशावरच्या बाजारात दिसू लागला. पण तोही मेलेलाच. जिवंत समुद्र कधी घाट चढला नाही.

तो आता चढू लागला आहे, आणि तोही अतिशय लहान मापाने. साताऱ्यात किंवा सांगलीत एखाद्याच्या बैठकीच्या खोलीत हातभर लांबीची काचेची टाकी असावी, तीत चाळीस-पन्नास लिटर पाणी असावे, ते पाणी आर.ओ.च्या यंत्रातून काढून त्यात विकत आणलेले समुद्री मीठ मोजून कालवलेले असावे आणि त्यात बोटाच्या पेराएवढे दोन मासे फिरत असावेत, हा प्रकार अजून विरळा असला तरी अपूर्व राहिलेला नाही. या छंदाला कोणी परदेशी थेर म्हणतात. ज्या गावी प्यायच्या पाण्याची वाण पडते तेथे खारे पाणी पाळणे म्हणजे रिकामटेकडेपणा होय, असेही म्हणणारे आहेत. या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु लहान पाण्यात कोणता लहान मासा राहील हा जो या छंदाचा मूळ प्रश्न, तो या दोन जिल्ह्यांना नवा नाही. तो येथल्या विहिरींच्या काठी, भोयांच्या जाळ्यांत आणि कोयना-वेण्णेच्या उन्हाळी डोहांत दीर्घकाळ विचारला जात आला आहे, आणि त्याची काही उत्तरे शास्त्राच्या दप्तरात येथूनच दाखल झाली आहेत.

येथे एक खुलासा करून ठेवतो. मी दोन जिल्हे म्हणतो, पण 1949 पर्यंत ही बाब मुख्यतः एकाच सातारा जिल्ह्याच्या नावे चाले. त्या वर्षी उत्तर व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव 1960 साली मिळाले. नद्यांना व माशांना या वाटणीची वर्दी अद्याप पोहोचलेली नाही, त्यामुळे येथे दोहोंचा विचार एकत्रच केला आहे.

या मुलखात पाणी साठविण्याची विद्या मोठी. साताऱ्याजवळ लिंब गावी शाहू छत्रपतींच्या काळी, 1719 ते 1724 या अवधीत, वीरूबाई भोसले यांनी बांधविलेली बारा मोटांची विहीर आजही पाहावयास मिळते. वाड्यांतील हौद, देवळांपुढील कुंडे, गावोगावच्या पायविहिरी यांची तर गणतीच नाही. अशा बंदिस्त पाण्यात मासे व कासवे सोडण्याची चाल जुनी आहे. तीत धर्मभावना होती, कारण तीर्थातील मासा मारू नये अशी समजूत होती. पण व्यवहारही होता, कारण मासे असलेली विहीर निवळ राहते हे घरातल्या कोणाही वडीलधाऱ्यास ठाऊक असे. या कामी कोणता मासा सोडावा हे ठरविण्याचा अधिकार अर्थात भोयांचा. वाहत्या पाण्यात दगडाला तोंडाने चिकटून राहणारा मळ्या विहिरीच्या मुक्या पाण्यात टिकत नाही. मरळ टिकतो, पण तो इतरांना शिल्लक ठेवीत नाही. शिंगटी तळाशी दडून बसते आणि हाताळणाऱ्याच्या बोटात काटा खुपसते. दांडवणीसारखे पृष्ठभागाजवळ फिरणारे, किडे टिपणारे बारके मासे मात्र विहिरीला मानवतात. हे ज्ञान कोणी लिहून ठेवले नाही. ते जाळे विणण्याबरोबर बापाकडून मुलाकडे जात असे.

त्यातला काही भाग प्रथम कागदावर उतरला तो एका लष्करी अधिकाऱ्याच्या हातून. विल्यम हेन्री साइक्स हे मुंबई सरकारच्या फौजेतील. 1824 साली गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांची दख्खनच्या सांख्यिकीची माहिती गोळा करण्याच्या कामी नेमणूक केली. माणसे, जमिनी, पिके, वजनमापे यांचा तपशील जमविणे हे त्यांचे सरकारी काम. पण या फिरस्तीत त्यांनी पशुपक्ष्यांची आणि माशांचीही नोंद केली, आणि भीमा व तिच्या उपनद्यांतील माशांवरचा त्यांचा प्रबंध पुढे 1841 मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या ग्रंथात संपूर्ण प्रसिद्ध झाला. साताऱ्याचे राज्य त्या वेळी प्रतापसिंह महाराजांच्या अंमलाखाली असल्याने साइक्स यांचा मुख्य वावर इंग्रजी मुलखात राहिला. तरी भीमा ही कृष्णेचीच उपनदी असल्यामुळे त्यांनी वर्णिलेले पुष्कळ मासे आमच्याच पाण्याचे आहेत. त्यांच्या कामातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की, जातीला नाव देण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी लॅटिन कोश चाळीत न बसता काठावरच्या कोळ्या-भोयांना विचारले. मळ्या, शिंगटी, कोळस, खुद्री, रोहटी ही नावे जशी ऐकली तशी त्यांनी शास्त्रीय नामावलीत बसविली, आणि आज जपानातील किंवा ब्राझीलमधील अभ्यासक त्या माशांविषयी लिहितो तेव्हा नकळत दख्खनी भोयाचाच शब्द वापरतो. ज्याच्या ज्ञानावर ग्रंथ उभा राहिला त्या भोयाचे स्वतःचे नाव मात्र ग्रंथात कोठे नाही. त्या काळच्या दप्तराची ती रीतच होती.

साइक्स यांची दृष्टी मोठ्या नद्यांवर व खाण्याजोग्या माशांवर होती. अगदी लहान पाण्याकडे, म्हणजे ओढे, झरे आणि खडकांतील डबकी यांकडे, पाहण्यासाठी आणखी पाऊणशे वर्षे जावी लागली, आणि तो मान सातारा जिल्ह्याला मिळाला. नेल्सन ॲनानडेल हे कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञ, 1916 साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण खात्याचे पहिले संचालक. त्यांनी 1919 मध्ये मुंबई इलाख्यातील काही लहान ओढ्यांच्या जीवसृष्टीवर जी लेखमाला प्रसिद्ध केली तिच्यातील माशांवरचे टिपण मुख्यतः सातारा व पुणे या जिल्ह्यांतील माशांवर आहे. बाजारात ज्याला कोणी पैशाला चार घेणार नाही अशा बोटभर माशांकडे एका खात्याच्या प्रमुखाने लक्ष द्यावे ही गोष्ट तेव्हाही विलक्षण वाटली असेल. ॲनानडेल यांना प्रश्न पडला होता तो जागेचा: घाटातल्या ओढ्यात पावसाळ्यात पाण्याचा लोंढा दगड वाहून नेतो आणि वैशाखात तोच ओढा ठिकठिकाणी तुटून हातभर डबक्यांवर येतो, तर या दोन्ही अवस्था सोसणारा जीव कसा घडलेला असतो? त्यांचे उत्तर शरीररचनेत होते. चपटे पोट, पसरट पर, ओठांच्या मागे दगडाला धरून ठेवणारी चकती, आणि आकार लहान. लहान असणे हे अशा पाण्यात दुबळेपण नसून भांडवल आहे.

या कामाच्या काही वर्षे आधी, 1911-12च्या सुमारास, याच मुलखात एक असा शोध लागला होता की ज्याने युरोपातील विद्वानांचे लक्ष कोयनेच्या खोऱ्याकडे वळविले. शंकर पुरुषोत्तम आघारकर हे 1884 साली मालवणात जन्मलेले, म्हणजे समुद्राच्या अंगणातले. मुंबईस एल्फिन्स्टन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत असता सुटीच्या दिवसांत ते सह्याद्रीत वनस्पती व प्राणी गोळा करीत हिंडत. कोयना आणि वेण्णा यांच्या खोऱ्यांत, नदीचा प्रवाह आटून मागे राहिलेल्या उन्हाळी डोहांत, त्यांना एक पारदर्शक, छत्रीसारखा उघडमीट करीत तरंगणारा, एखाद्या लहान नाण्याएवढा प्राणी आढळला. तो जेलीफिश होता. जेलीफिश हा समुद्राचा रहिवासी; मालवणच्या किनाऱ्यावर आघारकरांनी त्याचे भाऊबंद लहानपणी पाहिले असतीलच. गोड्या पाण्यातील जेलीफिश त्यापूर्वी जगास अगदी मोजक्या ठिकाणांहून माहीत होते. 1880 साली लंडनच्या रिजंट्स पार्कमधील कमळांच्या हौदात एक जात एकाएकी प्रकट झाली होती, आणि 1883 साली आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात दुसरी सापडली होती. साताऱ्याचा प्राणी या दुसऱ्या, आफ्रिकी कुळाचा निघाला. ॲनानडेल यांनी त्याला लिम्नोक्निडा इंडिका असे नाव दिले, आणि ग्रेव्हली नावाच्या म्युझियममधील सहकाऱ्याने आघारकरांसह त्याच्या सवयींची व वसतिस्थानांची पाहणी करून 1912 मध्ये टिपण लिहिले. सरोवराच्या अथांग पाण्यात आढळणाऱ्या कुळाची एक शाखा घाटावरच्या चार हात डोहात, तीही पावसाळ्यापूर्वीच्या तुटपुंज्या मुदतीसाठी, कशी नांदत असेल, आफ्रिका व हिंदुस्थान यांच्या प्राचीन भूसंबंधाचा हा पुरावा मानावा काय, अशी बरीच चर्चा त्या काळी झाली. आघारकर स्वतः पुढे वनस्पतिशास्त्राकडे वळले, कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले, आणि 1946 साली पुण्यास महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली तेव्हा तिचे संस्थापक-संचालक झाले. आज ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. गहू आणि द्राक्षे यांच्यासाठी ती संस्था जाणणाऱ्या सांगलीच्या बागायतदारास, तिच्या संस्थापकाची पहिली कीर्ती कोयनेतल्या एका निरुपयोगी, न खाण्याजोग्या प्राण्यामुळे पसरली, हे सांगितले तर तो बहुधा हसेल.

ॲनानडेल यांच्या हाताखाली तयार झालेले सुंदरलाल होरा यांनी ओढ्यांतील माशांचे काम पुढे नेले, आणि होरांच्या नावाशी जोडलेला एक मासा आपल्याला परत खाऱ्या पाण्याकडे नेतो. मुंबई सरकारच्या मत्स्यव्यवसाय खात्यातील डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी 1940 साली मुंबई इलाख्याच्या खाड्यांतील एका अत्यंत लहान माशाचे वर्णन प्रसिद्ध केले. लांबी दोन-तीन सेंटिमीटर, अंग जवळजवळ काचेसारखे आरपार, राहण्याचे ठिकाण भरती-ओहोटीबरोबर खारटपणा बदलणारे मचूळ पाणी. त्याची रचना इतकी निराळी होती की कुलकर्णींनी त्यासाठी नवे कुळच कल्पिले. प्रजातीस होरांचे नाव दिले, जातीस खात्याचे प्रमुख डॉ. सेटना यांचे, आणि अशा रीतीने होराइक्थिस सेटनाई हे भारदस्त नाव एवढ्याशा जीवाच्या वाट्यास आले. या माशाचा नर वीर्याची काटेरी कुपी तयार करून मादीच्या अंगास ती चिकटवितो, आणि मादी नंतर सवडीने फलित अंडी पाणवनस्पतींवर घालते. अलीकडच्या वर्गीकरणात, 2008 पासून, त्याला ओरिझियास या प्रजातीत घातले आहे, त्यामुळे होरांचे नाव त्यातून गेले; सेटनांचे राहिले.

हेच कुलकर्णी बारा वर्षांनी, 1952 साली, कृष्णा खोऱ्यातील एक लहान मासा शास्त्रास सादर करतात आणि त्याच्या जातीचे नाव ठेवतात खवलचोर. हा मासा दुसऱ्या माशांच्या अंगावरील खवले ओरबाडून खातो. कृष्णाकाठच्या भोयांना त्याची ही चोरी आधीच ठाऊक होती. साइक्स यांच्याप्रमाणेच कुलकर्णींनीही काठावरचे नाव बदलले नाही. सेवानिवृत्तीनंतर 1970च्या दशकात लोणावळ्यास टाटा कंपनीच्या मत्स्यकेंद्रात खुद्री महसीरची कृत्रिम पैदास करण्याच्या कामातही त्यांचा मोठा वाटा होता. खाडीतला सर्वांत लहान मासा आणि घाटातला सर्वांत मोठा मासा, दोहोंचा कारभार एकाच माणसाने पाहिला असे फार थोड्यांच्या बाबतीत म्हणता येईल.

इतके होऊनही लहान पाण्यासाठी लहान मासा निवडण्याचा प्रसंग सरकारवर आला तेव्हा त्याने येथल्या ओढ्यांकडे पाहिले नाही. हिवतापाचा डास विहिरीत, हौदात, टाक्यांत वाढतो हे विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झाले. मुंबई शहरात तर 1911 च्या बेंटले यांच्या हिवतापावरील अहवालानंतर विहिरी झाकाव्यात की बुजवाव्यात यावरून मोठा वाद माजला. डासांच्या अळ्या खाणारा मासा विहिरीत सोडावा हा मार्ग पुढे आला, आणि त्यासाठी दोन परदेशी मासे पसंत झाले. त्रिनिदादकडचा गप्पी 1908 च्या सुमारास हिंदुस्थानात आला, आणि अमेरिकेतील गॅम्बुसिया 1928 साली इटलीमार्गे आला. दोघेही अंडी न घालता पिले देणारे, घाण पाणी सोसणारे, भराभर वाढणारे. 1953 साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यानंतर डी.डी.टी.च्या फवाऱ्यापुढे मासे काही काळ मागे पडले, पण डासांना विषाची सवय होताच ते पुन्हा पुढे आले. आज आरोग्यसेवक बादलीतून गप्पी आणून गटारात व टाक्यांत सोडतो हे दृश्य मिरजेपासून मेढ्यापर्यंत कोणास नवीन नाही. गप्पीविषयी माझी फारशी तक्रार नाही. गॅम्बुसियाविषयी आहे, कारण तो डासांच्या अळ्यांइतक्याच आवडीने इतर माशांची अंडी व पिले खातो, आणि जगातील अत्यंत उपद्रवी आगंतुक जीवांच्या यादीत त्याची नोंद झालेली आहे. दांडवणीने हे काम केले नसते काय, हा प्रश्न कोणी वेळेवर विचारला असता तर खर्चही वाचला असता.

काचेच्या टाकीचा इतिहास याहून तरुण आहे. इंग्लंडात 1850च्या दशकात, वनस्पती आणि प्राणी यांचा मेळ राखल्यास बंद पाणी शुद्ध राहते हे तत्त्व हाती आले; लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 साली मत्स्यगृह उघडले; आणि फिलिप गॉस यांनी 1854 साली केवळ टाक्यांवरचा ग्रंथ प्रसिद्ध करून त्याच सुमारास समुद्राचे पाणी घरी कालवण्याची कृतीही दिली. साधे मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड व पोटॅशियम क्लोराइड हे तिचे जिन्नस. समुद्रापासून दूरच्या गावी समुद्र पाळता येईल, ही कल्पना या कृतीने शक्य कोटीत आणली. हिंदुस्थानात मद्रासेस 1909 साली सागरी मत्स्यालय झाले. मुंबईस मात्र त्यासाठी स्वातंत्र्य यावे लागले. डी. बी. तारापोरवाला यांच्या दोन लाखांच्या देणगीने व एकंदर आठ लाखांच्या खर्चाने उभारलेल्या मरीन ड्राइव्हवरील मत्स्यालयाचे उद्घाटन 1951 साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. देशावरच्या शाळांच्या सहली मुंबई पाहावयास जात तेव्हा राणीच्या बागेबरोबर हे ठिकाण कार्यक्रमात असे, आणि सातारा-सांगलीच्या कित्येक पिढ्यांनी जिवंत समुद्री मासा प्रथम पाहिला तो तेथल्या काचेमागे. घरी तसे काही ठेवण्याची इच्छा त्या काचेपुढेच जन्मली असणार. ती पुरी होण्यासाठी पिशवीत भरून मिळणारे मीठ, विजेचे लहान पंप आणि रात्रीच्या बसने येणारी प्राणवायू भरलेली प्लास्टिकची पिशवी या तिन्ही गोष्टींची वाट पाहावी लागली.

आता निवडीकडे येऊ. लहान टाकीतला पहिला शत्रू म्हणजे ऊन. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. चाळीस लिटरांच्या टाकीतून दोन लिटर पाणी उडाले की हे प्रमाण 35 वरून जवळजवळ 37 वर जाते. खुल्या समुद्रात असा फेर पडण्यास फार मोठी उलथापालथ व्हावी लागते. मिरजेच्या चैत्रात मात्र तो उघड्या टाकीत पाहता पाहता पडतो. म्हणून उडालेल्या पाण्याची भर रोज घालावी लागते आणि ती गोड्या पाण्याने, खाऱ्याने नव्हे. नवशिके हमखास येथे चुकतात. स्वयंपाकघरातले मीठ या कामी चालत नाही, कारण समुद्राच्या क्षारांत साध्या मिठाचा वाटा मोठा असला तरी उरलेल्या चौथाई-पाचव्या हिश्शातच चुना, मॅग्नेशियम व इतर द्रव्ये येतात आणि जीव त्यांच्यावर चालतो. सांगलीकडच्या उसाच्या पट्ट्यातील बोअरचे पाणी तर आधीच क्षारांनी व खतांच्या अंशांनी जड. ते गाळून घेतल्याशिवाय इलाज नाही. टाकी भरल्यावर माशाच्या मलातून निघणारा अमोनिया पचविणारे जंतू दगडांवर वस्ती करीपर्यंत चार ते सहा आठवडे मासा सोडू नये हा नियम आहे, आणि तो मोडण्याची घाई सगळ्यांनाच होते.

दुकानात मागणी विदूषक माशाला. मुले त्याला सिनेमातल्या नावाने निमो म्हणतात. तो वाईट नाही. केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने त्याची बंदिस्त पैदास साधली आहे, आणि ऐरोली येथे कांदळवन प्रतिष्ठानाच्या उबवणी केंद्रातही ती होते, त्यामुळे समुद्रातून ओरबाडलेला मासा घेण्याची गरज उरलेली नाही. पण त्याची जोडी चाळीस लिटरांत कोंदटते. तिला दुप्पट जागा हवी. निळा डॅमसेल स्वस्त असतो आणि स्वस्तपणाचे कारण पहिल्याच आठवड्यात कळते, कारण तो टाकी स्वतःच्या मालकीची समजून बाकीच्यांना कोपऱ्यात दाबतो. मँडरिन हा रंगाने अप्रतिम, पण दगडांवरचे सूक्ष्म जिवंत जीव टिपणे एवढाच त्याचा आहार. लहान टाकीतला साठा तो थोड्या दिवसांत संपवितो आणि मग उपाशी मरतो. निळा टँग पिलू असताना बोटभर असतो व पुढे फूटभर होतो, हे विकताना कोणी सांगत नाही. समुद्रघोडा आणि कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. त्यांचा विचारच नको. उरतात ते गोबी कुळातले बारके मासे: साडेतीन सेंटिमीटरांचा पिवळा गोबी, दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी टिपणारा निऑन गोबी, तीन सेंटिमीटरांच्या आतला ट्रिमा. यांना पोहण्याची हौस कमी, दगडावर बसून राहण्याची जास्त, त्यामुळे थोडी जागा पुरते. घाटातल्या ओढ्यातल्या माशांबद्दल ॲनानडेल यांनी जे पाहिले त्याच तऱ्हेची ही शरीरे आहेत, हे पाहून मला मौज वाटते.

मात्र हे गोबी देशावरच्या दुकानात क्वचितच येतात आणि आले तर किमतीने घाबरवितात. सांगलीच्या नवशिक्याला मी वेगळी शिफारस करीन. गप्पीच्याच कुळातला मोली प्रत्येक दुकानात असतो, काळा असतो, स्वस्त असतो, आणि मूळचा मेक्सिकोच्या आखाताकाठच्या मचूळ पाण्याचा असल्यामुळे गोड्या पाण्यातून पूर्ण समुद्री पाण्यात बेताबेताने नेल्यास तेथे सुखाने राहतो, शेवाळ खातो, पिले देतो. दुकानदार त्याला गोड्या पाण्याचा म्हणून विकतो आणि खाऱ्या टाकीचे नाव काढताच ग्राहकाला वेड्यात काढतो. त्याच्याशी वाद न घालता चार मोली घ्यावेत, थेंबाथेंबाने खारे पाणी मिसळत दोन दिवस घालवावेत आणि मग ते टाकीत सोडावेत. त्यांच्यावर पहिला उन्हाळा काढून झाला, खारटपणा न डळमळता राहिला आणि भारनियमनाच्या रात्री पंपाला पर्याय सापडला, की मग निऑन गोबीसाठी मुंबईला निरोप पाठविण्यास हरकत नाही.